सामूहिक वनहक्क: दावा, पट्टा आणि त्यानंतरचे जंगल

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये १,८०९.६१ हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच जंगलातला बांबू विकायला लागणारे वाहतूक पासांचे पुस्तक मात्र गावाच्या हाती पडले ते २७ एप्रिल २०११ रोजी, आणि तेही तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री गावात आले तेव्हा. मधला काळ गेला तो ‘बांबू हे गौण वनोपज (लाकूड सोडून जंगलात मिळणारा इतर माल) की लाकूड’ या वादात. वास्तविक वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही वेळ लागला. दावा दाखल करायला निघालेल्या गावाने हे सुरुवातीलाच लक्षात ठेवावे: पट्टा, म्हणजे हक्काचे मान्यतापत्र, हातात आला की निम्मे काम झालेले असते, आणि ते सोपे निम्मे असते.

नेमके काय मागायचे

कायद्याचे लांबलचक नाव ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६’. नियम २००८ चे, त्यांत मोठी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. यात तीन प्रकारचे दावे आहेत आणि गावात त्यांची नेहमी सरमिसळ होते. कसत असलेल्या वनजमिनीचा वैयक्तिक दावा नमुना अ मध्ये. निस्तार (घरगुती गरजेपुरते सरपण, चारा वगैरे घेणे), चराई, मासेमारी, गौण वनोपज असे सामूहिक वापराचे हक्क नमुना ब मध्ये. आणि गावाच्या परंपरागत हद्दीतले सगळे जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क, म्हणजे कलम ३(१)(आय), नमुना क मध्ये.

नमुना ब भरला आणि क राहिला, तर गावाला मोहफुले वेचता येतील, पण बांबू किती आणि कधी तोडायचा हे दुसरेच कोणी ठरवेल. म्हणून ब आणि क दोन्ही एकाच वेळी भरावेत, एकाच ग्रामसभेत मंजूर करावेत.

भारतीय वन अधिनियमाखालचे ‘ग्रामवन’ किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समिती हा वेगळा प्रकार आहे. तिथे गावाला दिलेले काम काढून घेण्याची सोय नियमातच असते. वनहक्क हा दिलेला नसतो, आधीपासून असलेला हक्क मान्य केलेला असतो. ‘तुमच्याकडे समिती आहेच की, मग दावा कशाला’ असे कोणी म्हणाले तर उत्तर हेच.

ग्रामसभा आणि समिती

दावा ग्रामपंचायतीचा नसतो, गावाचा असतो. तीन-चार पाडे मिळून एक ग्रामपंचायत असेल आणि प्रत्येक पाड्याचे जंगल वेगळे असेल, तर पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा बसवावी. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या भागात, पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतो. ते आधी करावे; नंतर केले तर नकाशे पुन्हा काढावे लागतात.

पहिल्या ग्रामसभेत वनहक्क समिती निवडायची. सदस्य किमान १०, जास्तीत जास्त १५. किमान दोन-तृतीयांश अनुसूचित जमातीचे, किमान एक-तृतीयांश महिला. समिती आपला अध्यक्ष आणि सचिव निवडते आणि दाव्याची पुढची छाननी करणाऱ्या उपविभागस्तरीय समितीला कळवते. समितीत फक्त शिकलेली मुले घेऊ नका. जंगलातली ठिकाणे नावानिशी ओळखणारे दोन-तीन म्हातारे आणि मोह-तेंदूला रोज जाणाऱ्या बायका नसतील, तर पुढे सीमा आखताना अडते.

गणपूर्ती हा सगळ्यात जास्त फायली परत पाठवणारा मुद्दा आहे. वनहक्काच्या ग्रामसभेला गावातल्या एकूण मतदारांच्या निम्मे लोक हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश महिला हव्यात. दाव्यांवर ठराव होत असेल तर दावेदारांपैकी किमान निम्मे किंवा त्यांचे प्रतिनिधी हवेत. पेसाच्या ग्रामसभेची गणपूर्ती वेगळी आहे, ती इथे चालत नाही. उपस्थितीचा कागद बैठक सुरू होतानाच फिरवावा: अनुक्रमांक, नाव, स्त्री/पुरुष, सही किंवा अंगठा. खाली बेरीज लिहावी: एकूण मतदार इतके, हजर इतके, पैकी महिला इतक्या. ही तीन आकड्यांची ओळ ठरावात नसेल तर ठराव कितीही चांगला असो, छाननीत पहिले बोट तिथेच ठेवले जाते. गणपूर्ती झाली नाही तर सह्या दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून गोळा करू नका. बैठक पुढे ढकला. संध्याकाळी, शेतीचे काम नसलेल्या दिवसांत ठेवा.

दावे मागवण्याची मुदत तीन महिन्यांची. ग्रामसभा कारण लिहून ती वाढवू शकते.

पुरावे

नियम १३ प्रमाणे एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. विदर्भात निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या जुन्या वापरहक्कांची महसुली नोंद, हा मोठा आधार. तहसील किंवा जिल्हा अभिलेखागारातून साक्षांकित प्रत काढावी. जिथे निस्तारपत्रक नाही, तिथे जुना गाव नकाशा, गुरचरणाच्या नोंदी, जंगल राखीव होण्याआधीचे वर्गीकरण शोधावे. याखेरीज कागद नसलेले पुरावेही तितकेच चालतात: देवराई, स्मशानभूमी, पाणवठे, गुरे बसायची जागा, मासेमारीचे डोह, जुन्या घरांचे चौथरे. गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा आहे, फक्त तो स्वतः दावेदार नसावा.

‘अमुक एक दस्तऐवजच आणा’ असा आग्रह उपविभाग किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही. उपग्रह छायाचित्र पूरक म्हणून चालते. ते इतर पुराव्यांची जागा घेत नाही.

जबाब लिहिताना ‘आम्ही पूर्वापार जंगल वापरत आहोत’ असले मोघम वाक्य टाळावे. ‘पोळ्यानंतर गुरे अमक्या टेकडीच्या पलीकडे नेतो, उन्हाळ्यात अमक्या झऱ्यावर पाणी पाजतो’ असे लिहावे. जागेचे स्थानिक नाव, तिथे काय मिळते, कोणत्या महिन्यात. अशा २५-३० जागांची यादी झाली की नकाशा आपोआप उभा राहतो.

शिव चालणे

जंगलाची हद्द पायी फिरून आखायच्या याच कामाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. दोन-तीन दिवस लागतात, मोठे जंगल असेल तर आठवडा.

चालण्याआधी शेजारच्या प्रत्येक गावाच्या वनहक्क समितीला लेखी पत्र द्यावे: अमुक तारखेला आमची शिव पाहायला या. त्याच दिवशीचे पत्र वनरक्षक, वनपाल आणि तलाठ्यालाही द्यावे आणि पोच घ्यावी. पडताळणीला हजर राहून सही, हुद्दा, तारीख आणि शेरा लिहिणे हे त्यांचे काम आहे. बोलावूनही कोणी आले नाही आणि नंतर ‘आम्ही नव्हतो’ म्हणून हरकत घेतली, तर दावा पुन्हा पडताळणीला येतो; तेव्हाही आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम धरला जातो. पोच जपून ठेवायची ती यासाठी.

चालताना दोन कामे सोबत करावीत. एकजण नजरी नकाशा काढतो: नाला, मोठा दगड, मोहाचे जुने झाड, पायवाट, वन विभागाचा सीमास्तंभ. दुसरा मोबाईलवरच्या जीपीएसने प्रत्येक वळणावर बिंदू घेतो. प्रत्येक बिंदूला क्रमांक द्या आणि वहीत त्यासमोर खूण लिहा, ‘बिंदू १४, नाल्याच्या संगमावरचा उंबर’. नुसते आकडे घेतले तर सहा महिन्यांनी कोणता बिंदू कुठला हे कोणालाच सांगता येत नाही. दाट झाडोऱ्यात फोनचे जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवते. तेवढे चालते, सीमा ठरते ती खुणेने.

मग त्या हद्दीत वन विभागाचे कोणते कक्ष (जंगलाचे क्रमांक दिलेले तुकडे), त्यांचे क्रमांक आणि महसुली गट येतात ते लिहायचे. कक्ष पूर्ण आहे की अंशतः, हे प्रत्येकासमोर नोंदवा. पट्ट्यात क्षेत्र कमी येण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच: अंशतः असलेला कक्ष यादीतून गळतो. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातले जंगलही यात येते. ते वगळायचे कारण नाही.

दोन गावांचा एकाच तुकड्यावर दावा निघाला तर दोन्ही समित्यांची संयुक्त बैठक घ्यायची. जमले नाही तर प्रकरण उपविभागाकडे जाते. पण बऱ्याचदा भांडण हद्दीचे नसते, वापराचे असते: त्या गावची गुरे इकडे येतात, या गावच्या बायका तिकडे तेंदूला जातात. अशा वेळी रेषा एकाच्या बाजूला ठेवून दुसऱ्याचा वापर ठरावात नोंदवला तर दोघांचे भागते. ही नोंद दोन्ही गावांच्या ठरावांत एकाच शब्दांत असावी.

उपविभाग, जिल्हा आणि पट्टा

ग्रामसभेचा ठराव झाला की फाईल उपविभागस्तरीय समितीकडे, तिथून जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हास्तरीय समितीकडे. ग्रामसभेच्या किंवा उपविभागाच्या निर्णयावर ६० दिवसांत दाद मागता येते. अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय स्तरावर अपील करण्याची सोय महाराष्ट्रात २०२० पासून आहे. फाईलची पूर्ण झेरॉक्स, पानांवर क्रमांक टाकून, गावात राहिली पाहिजे. फाईल हरवणे ही नवलाची गोष्ट नाही.

पट्टा मिळाला की ढोल वाजवण्याआधी तो ओळीने वाचावा. नाव ग्रामसभेचे आहे का, की सरपंचाचे, ग्रामपंचायतीचे, संयुक्त वन समितीचे? कलम ३(१)(आय) लिहिले आहे का? क्षेत्र आणि कक्ष क्रमांक दाव्याशी जुळतात का? चतु:सीमा खुणांनी लिहिल्या आहेत का? ‘वन विभागाच्या कार्य आयोजनेच्या अधीन राहून’ (कार्य आयोजना म्हणजे त्या विभागाचा जंगलकामाचा आराखडा) अशी अट खाली बारीक अक्षरांत घातली आहे का? कायद्यात नसलेली अट दिसली तर दुरुस्तीचा ठराव करून जिल्हा समितीकडे पाठवावा, आणि चुकीचा पट्टा स्वीकारताना ‘हरकतीसह स्वीकारला’ असे लिहून सही करावी. पट्ट्यानंतर अंतिम नकाशा करून महसूल आणि वन दोन्ही अभिलेखांत तीन महिन्यांच्या आत नोंद व्हायला हवी. ती आपोआप होत नाही, मागावी लागते.

जंगल मोजणे

नियम ४(१)(ई) प्रमाणे ग्रामसभा आपल्यातून व्यवस्थापन समिती नेमते आणि ती जंगलाचा आराखडा करते. वनहक्क समितीचे काम दाव्यापुरते होते. ही समिती वेगळी.

आराखडा बाहेरून लिहून आणलेला असेल तर कपाटात राहतो. गावानेच मोजणी करावी. १० बाय १० मीटरचा चौकोन दोरीने आखायचा आणि त्यात ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेराची झाडे मोजायची. त्याच्या एका कोपऱ्यात ३ बाय ३ मध्ये झुडपे आणि लहान झाडे, आणि १ बाय १ मध्ये रोपटी. हजार हेक्टरला असे ४०-५० चौकोन पुरतात, पण ते वाटेलगतच घेऊ नयेत. नकाशावर जाळी आखून ठिकाणे आधी ठरवावीत.

आकडे वाचायचे असे: मोहाची मोठी झाडे भरपूर, पण रोपटे एकही नाही, याचा अर्थ बिया शंभर टक्के वेचल्या जातात, किंवा दरवर्षी आग लागते, किंवा दोन्ही. आज उत्पन्न चांगले दिसते, पण पुढच्या पिढीला मोह नाही. इथे प्रत्येक झाडाखालच्या काही बिया सोडायचा नियम ग्रामसभेने करावा.

बांबूचे बेट

बांबू वाचतो किंवा संपतो तो कुऱ्हाड कुठे पडते यावर. मानवेल जातीच्या बांबूच्या बेटात नवा कोंब बाहेरच्या कडेला येतो, त्यामुळे जुने बांबू मध्यभागी असतात. तोडणाऱ्याला मात्र कडेचे सोपे पडतात. कडेचे कोवळे गेले, मधले जुने अडकून वाळले, की दोन-तीन फेऱ्यांत बेट गुदमरते. म्हणून एका बाजूने वाट पाडून आत शिरायचे आणि मधले काढायचे. बेट वरून पाहिले तर घोड्याच्या नालेसारखे दिसले पाहिजे.

वय ओळखणे अवघड नाही. पहिल्या वर्षाच्या बांबूवर पांढरी भुकटी असते आणि पेरांना आवरण चिकटलेले असते. दुसऱ्या वर्षी आवरण गळते, रंग गडद हिरवा. तीन वर्षांचा बांबू निस्तेज होतो, त्यावर बुरशीसारखे डाग येतात, टिचकी मारली तर खणखणतो. फक्त हाच तोडायचा. तरीही प्रत्येक बेटात किमान आठ पक्के बांबू पसरलेले ठेवायचे. नव्या कोंबांना वाऱ्यात आधार त्यांचाच. काप जमिनीपासून १५ ते ४५ सेंटिमीटरवर, पेराच्या लगेच वर. पेराच्या बरेच वर कापले तर वाटीसारखे पाणी साचते आणि बुंधा कुजतो. गड्डा खणायचा नाही.

जंगलाचे तीन किंवा चार भाग करून दरवर्षी एकाच भागात तोड करावी. पावसाळ्यात तोड बंद, कारण तेव्हा कोंब फुटतात. खाण्यासाठी वास्ते (कोवळे कोंब) काढायची मर्यादाही ठरवावी. आणि एखाद्या वर्षी सगळीकडे बांबूला फुलोरा आला, तर त्या भागात पुढची काही वर्षे आग आणि चराई पूर्ण बंद ठेवावी लागते: जुनी बेटे मरतात, आणि बीज पडून आलेली रोपेच पुढचे जंगल असतात.

तेंदू, मोह आणि आग

जंगलातल्या बहुतेक आगी लावलेल्या असतात. तेंदूला नवी पालवी यावी म्हणून, मोहाखालचा पाला साफ व्हावा म्हणून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर आग आणि फांद्यांची छाटणी टाळण्यासाठी तेंदूपत्ता तोडायचाच नाही असे ठरवले आणि बांबूवर भर दिला. सगळ्या गावांना हे परवडणार नाही. पण खुटकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची छाटणी, वेळेवर, फेब्रुवारी-मार्चमध्ये केली तर आगीशिवायही चांगले पान येते. मोहाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली की पाला जाळावा लागत नाही, आणि फुलाला माती न लागल्याने भावही बरा मिळतो.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पाला झाडून साफ केलेला पट्टा, तीन मीटर रुंद पुरते, पण जानेवारीत एकदा झाडून सोडली तर फुकट जाते. पानगळ नंतरही चालू असते. मार्चमध्ये पुन्हा, एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा झाडावी लागते. राखणीच्या पाळ्या घरनिहाय लावाव्यात, मजुरी ग्रामसभेच्या निधीतून द्यावी. फुकटच्या राखणीचा उत्साह एक हंगाम टिकतो.

पास आणि पैसा

वाहतूक पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीला किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीला आहे. पासाचे पुस्तक छापील क्रमांकाचे, तीन प्रतींचे असावे: एक गाडीसोबत, एक वन कार्यालयाला माहितीसाठी, एक गावात. त्यावर माल, नग किंवा पोती, गाडी क्रमांक, कुठून कुठे, तारीख-वेळ आणि मुदत. कोरे पास सही करून ठेवणे म्हणजे जंगल उघडे टाकणे.

तेंदूची विक्री प्रमाणित पोत्यावर होते: ७० पानांचा एक पुडा, १,००० पुड्यांचे एक पोते. लिलाव खुटकटाईआधी करावा आणि करारात आगाऊ रक्कम, हप्त्यांच्या तारखा, पावसाने माल भिजला तर नुकसान कोणाचे, हे लिहावे. सगळ्यात महत्त्वाची ओळ: पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय शेवटचे पास मिळणार नाहीत. माल उचलून गायब झालेल्या ठेकेदारामागे धावणे लहान गावाला जमत नाही. कोरची तालुक्यासारखे अनेक ग्रामसभांनी एकत्र येऊन लिलाव केले तर भावही टिकतो आणि ठेकेदार जपून वागतो.

खाते ग्रामसभेच्या नावाने, तीन सह्यांचे, त्यांतली एक तरी महिलेची. पॅन आणि जीएसटीचे काम पहिल्या लिलावाआधी उरकावे. प्रत्येक ग्रामसभेत जमा-खर्च मोठ्याने वाचावा आणि पासबुक हातोहात फिरवावे.

शेतजमिनीचे काय

वनहक्काने जंगल गावाचे होते. शेती मात्र ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर राहते आणि अडचणीत विकली जाते. मेंढा (लेखा) गावाने त्यावर २०१३ मध्ये उत्तर काढले: महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ खाली गावातल्या जमीनधारकांनी आपल्या जमिनीची मालकी ग्रामसभेला दिली. कसण्याचा हक्क कुटुंबाकडेच राहतो आणि वारसांकडे जातो, बाहेरच्याला विकता येत नाही. अंमलबजावणीसाठी गावाला पुढे अनेक वर्षे शासनदरबारी पाठपुरावा करावा लागला.

ग्रामदानाची ही कल्पना विनोबांच्या चळवळीतून निघाली आणि समुद्रापलीकडेही गेली. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९६९ मध्ये कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था स्थापन झाली. तिथला पहिला सामुदायिक भूमी न्यास म्हणून ती ओळखली जाते, आणि तिच्यामागच्या प्रेरणांत ग्रामदान होते. तिच्याकडे सुमारे ५,७०० एकर जमीन होती, पण ती कर्ज काढून घेतलेली. दुष्काळ पडला, सरकारी कर्जाची मदत वेळेवर आणि न्याय्य मिळाली नाही, आणि १९८५ मध्ये सगळी जमीन गेली. पुढे वर्णभेदाच्या दाव्यात भरपाई मिळाली आणि २०११ मध्ये दुसरीकडे सुमारे १,६०० एकर घेता आली.

म्हणून ग्रामदानाच्या अर्जावर सह्या घेण्याआधी एक बैठक फक्त पीककर्जावर घ्यावी. सातबाऱ्यावर ग्रामसभेचे नाव लागल्यावर जिल्हा बँक कर्ज कोणत्या कागदावर देणार, जमीन तारण न ठेवता देणार का, ग्रामसभा जामीन राहिली आणि दोन हंगाम बुडाले तर हप्ता कोणत्या निधीतून जाणार, हे बँकेच्या अधिकाऱ्यासमोर विचारावे. तोंडी उत्तरावर थांबू नये, लेखी घ्यावे.